‘नाही’ म्हणण्याची मोकळीक: कृपा, दान आणि दबाव

परदेशात नोकरी लागली की दोन-तीन महिन्यांतच काही मेसेज यायला लागतात. गावच्या मंडळाची वर्गणी. शाळेच्या जुन्या बॅचचा निधी. ओळखीतल्या कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी मदत. चर्चला जात असाल तर चर्चच्या छपराची दुरुस्ती. आणि या सगळ्यांच्या मागे, कधी उघड तर कधी न बोलता, एक वाक्य असतंच: तुझं काय बाबा, तू पाउंडात कमावतोस!

तुम्ही पैसे पाठवता. पण पाठवताना मनात नक्की काय असतं? कधी खरंच बरं वाटतं. कधी ‘सुटलो एकदाचे’ असं वाटतं. कधी तर ग्रुपवर नावांची यादी फिरतेय आणि आपलं नाव त्यात नाही एवढंच कारण असतं. रक्कम तिन्ही वेळा तीच असते, पण आत घडलेली गोष्ट तीन वेगळ्या प्रकारची असते.

या फरकावर ख्रिस्ती परंपरेत जवळजवळ दोन हजार वर्षं वाद चालू आहे. माणसाला उदार करायचं तर त्याला कर्तव्याची आठवण करून द्यायची, लाज वाटायला लावायची, की आणखी काही मार्ग आहे? तो दुसरा मार्ग म्हणजे कृपा. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, हा वाद तुमच्याही कामाचा आहे, कारण पैसे मागणारे आणि पैसे देणारे आपण सगळेच असतो.

दान जेव्हा कायदा होता

मी बेसिंगस्टोकमध्ये राहते. इंग्लंडमधल्यांना हे गाव गोल चौकांसाठी माहीत आहे. इतके राउंडअबाउट आहेत की लोक थट्टेनं याला ‘डोनट सिटी’ म्हणतात. इथून दहा-बारा किलोमीटरवर स्टीव्हन्टन नावाचं खेडं आहे. लेखिका जेन ऑस्टिनचा जन्म 1775 मध्ये तिथे झाला, आणि तिचे वडील जॉर्ज ऑस्टिन तिथल्या चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक होते. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग दशमांशातून येई. गावात जे पिकेल त्याचा दहावा हिस्सा चर्चचा.

आता हा हिस्सा लोक भक्तिभावानं आणून देत होते असं चित्र डोळ्यांसमोर आलं असेल तर ते पुसून टाका. दशमांश हा कायदा होता. तुमची श्रद्धा आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. क्वेकर पंथाचे लोक तत्त्व म्हणून दशमांश देत नसत, तर त्यांच्या घरातलं सामान जप्त होई. 1836 च्या कायद्यानं धान्य आणि जनावरांऐवजी रोख रक्कम ठरवून दिली. चर्चच्या इमारतींसाठी जो वेगळा कर असायचा, त्याची सक्ती 1868 मध्ये गेली. दशमांशाचा उरलेला पैसाही शेवटी 1936 च्या कायद्यानं मोडीत निघाला.

म्हणजे आज मोबाइलवरून जे पूर्णपणे ऐच्छिक वाटतं, ते याच भागात काही पिढ्यांपूर्वी वसूल केलं जात होतं. कायदा गेला, पण मागण्याची पद्धत एका दिवसात बदलत नाही. जप्तीची जागा इतर गोष्टींनी घेतली: शेजाऱ्यांच्या नजरेसमोर हातोहात फिरणारं दानाचं ताट, भिंतीवरची देणगीदारांची पाटी, आणि ‘दहावा हिस्सा दिला नाही तर तुम्ही देवाला लुबाडता’ अशा आशयाचं प्रवचन. आपल्याकडच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकालाही हे शास्त्र चांगलंच ठाऊक आहे. दारात पाच जण उभे असतात आणि वरच्या पानावर शेजाऱ्यांचा आकडा दिसेल असंच पुस्तक उघडतं.

दबाव चालतो, हीच अडचण

दबाव निरुपयोगी असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. दबाव चालतो. प्रश्न आहे तो कसा चालतो आणि त्याची किंमत काय.

स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोजवळ एक प्रयोग केला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. देणगी मागायला दारोदार जायचं, पण काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी एक चिठ्ठी अडकवायची: उद्या अमुक वेळेत आम्ही येतोय. देण्यात लोकांना निव्वळ आनंदच वाटत असता, तर चिठ्ठी वाचून ते मुद्दाम घरी थांबले असते. झालं उलटं. चिठ्ठी मिळालेल्या घरांत दार उघडण्याचं प्रमाण 9 ते 25 टक्क्यांनी घटलं. आणि चिठ्ठीवर ‘कृपया त्रास देऊ नका’ असा एक चौकोन खूण करायला ठेवला, तेव्हा देणाऱ्यांचं प्रमाण 28 ते 42 टक्क्यांनी खाली आलं. ही घट मुख्यतः दहा डॉलरपेक्षा लहान देणग्यांत होती. अर्थ सरळ आहे: त्या छोट्या देणग्यांपैकी बऱ्याच, समोरच्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून दिल्या जात होत्या.

दुसरा प्रयोग साल्व्हेशन आर्मीबरोबरचा, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला. (ही संस्था बेसिंगस्टोकला चांगली आठवते. 1881 मध्ये इथे त्यांच्या दारूविरोधी मिरवणुकांवर जमाव धावून गेला आणि दंगल शमवायला रायट ॲक्ट वाचून दाखवावा लागला.) नाताळच्या दिवसांत अमेरिकेत त्यांचे लोक सुपरमार्केटच्या दाराशी घंटा वाजवत उभे राहतात. जेम्स अँड्रिओनी आणि सहकाऱ्यांनी असं ठरवलं की काही वेळा घंटावाल्यानं गप्प उभं राहायचं, काही वेळा ‘कृपया द्या’ एवढंच म्हणायचं. तोंडानं मागितलं की देणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली. पण त्याच वेळी दुसऱ्या दारानं जाणारेही खूप वाढले.

म्हणजे दबावानं ताट भरतं, पण माणसं दुसरं दार शोधायला लागतात. सुपरमार्केटमध्ये दुसरं दार म्हणजे फक्त दुसरं दार. एखाद्या मंडळीत, मंडळात किंवा नात्यात दुसरं दार म्हणजे माणूस यायचाच बंद होतो. तुमच्या ओळखीत असं कुणीतरी नक्की असेल, जे ‘तिथे गेलं की पैसे मागतात’ म्हणून हळूहळू दिसेनासं झालं.

पौलाचं पत्र काय करतं

आता मूळ पानाकडे जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पन्नाशीच्या दशकात, पौल यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी निधी गोळा करत होता. ग्रीसमधल्या करिंथ या भरभराटीच्या बंदरातल्या मंडळीनं मदत कबूल केली होती, पण काम रेंगाळलं होतं. ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ याचे आठवा आणि नववा हे अध्याय म्हणजे त्या निधीसाठीचं आवाहन. आजच्या भाषेत फंडरेझिंगचं पत्रच.

त्यात काही गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, पौल स्वच्छ सांगतो की ही आज्ञा नाही. दोन, दशमांशाचा तो या सगळ्या आवाहनात उल्लेखच करत नाही, जरी ज्यू परंपरेतून आलेल्या त्याला तो हुकमी मुद्दा हाताशी होता. तीन, तो म्हणतो की माणसाजवळ जे आहे त्यावरून मोजायचं, जे नाही त्यावरून नाही. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओढाताण असं त्याला नको आहे, बरोबरी हवी आहे. चार, प्रत्येकानं आपल्या मनात ठरवावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये. देणाऱ्यासाठी तिथे जो ग्रीक शब्द येतो त्याचा अर्थ ‘हसतमुख’ असा आहे.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. तिथे पौल म्हणतो की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या कमाईप्रमाणे थोडं बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गणी गोळा करायची वेळ येणार नाही. आपण समोर उभे राहिलो की लोकांना नाही म्हणणं जड जाईल, आणि त्यानं तर उलट आपल्या येण्याच्या आधीच तो विषय संपवला! शिकागोच्या चिठ्ठीला साडेएकोणीस शतकं उशीर झाला म्हणायचा.

पण पौलाला संत करून सोडून देऊ नका. त्याच पत्रात तो करिंथकरांना सांगतो की मासेदोनियातल्या लोकांनी स्वतः अतिशय गरिबीत असून केवढं दिलं. मग म्हणतो, मी त्यांच्यापुढे तुमची बढाई मारली आहे, ते माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी नसली तर आपल्याला खाली पाहावं लागेल. हे पावतीपुस्तकाचं वरचं पान दाखवणं नाही तर काय? अभ्यासकांत यावर मतभेद आहेत, आणि ते असणं बरोबर आहे. कृपेची भाषा बोलणाऱ्यालाही दबावाची चटक सहज लागते, हे त्या पत्रातच दिसतं.

कृपा म्हणजे नक्की काय

या दोन अध्यायांत ‘खारिस’ हा ग्रीक शब्द दहा वेळा येतो. त्याचं नेहमीचं मराठी भाषांतर ‘कृपा’. पण पौल तो एकाच अर्थानं वापरत नाही. देवाची माणसावरची मेहेरबानी म्हणजे खारिस. तो जमा होणारा निधी, तोही खारिस. आणि शेवटी देवाचे मानलेले आभार, तेही खारिस. इंग्रजी भाषांतरांत हे तीन वेगळे शब्द होतात आणि त्यांच्यातला धागा तुटतो.

मराठी वाचकाला मात्र तो धागा पकडायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे ‘प्रसाद’ आहे. संस्कृतात प्रसाद म्हणजे प्रसन्नता, कृपा. आणि तुमच्या तळहातावर ठेवला जातो तो शिराही प्रसादच. तो घरी नेऊन शेजारी वाटला तर वाटलेलाही प्रसाद. प्रसाद वाटणारा माणूस ‘मी तुला माझ्यातलं काही देतोय’ असं म्हणत नाही. जे आपल्याकडे आलं ते पुढे जातंय, एवढंच. दोन धर्मांचा विचार एकच आहे असं मी म्हणत नाही. पण ‘मिळालेलं पुढे सरकवणं’ ही कल्पना समजायला या शब्दाची मदत होते. पौलाच्या मते मिळालेलं म्हणजे ख्रिस्त: जो श्रीमंत असून आपल्यासाठी गरीब झाला. देणं ही त्यावरची प्रतिक्रिया आहे, प्रवेश फी नव्हे.

इथे एक घोटाळा होतो. ‘तुला इतकं मिळालंय, मग आता दे की!’ असं म्हटलं की कृपेचाच दबाव होतो. मराठीत यासाठी अचूक शब्द आहे, उपकार. उपकाराची आठवण करून दिली की समोरचा कृतज्ञ होत नाही, तो ओशाळतो. ऋण फेडायच्या मागे लागतो आणि फेडून झालं की पाठ फिरवतो.

मग कृपेत परतफेडीची अपेक्षाच नसते का? डरहॅम विद्यापीठातले अभ्यासक जॉन बार्कले यांनी 2015 च्या त्यांच्या पुस्तकात यावर उपयुक्त मांडणी केली आहे. ते म्हणतात की प्राचीन जगात देणगी म्हटली की प्रतिसाद गृहीतच असे, पौलाच्या विचारातही तो आहे. पौलाचं वेगळेपण दुसरीकडे आहे. त्या काळी शहाणा माणूस लायक व्यक्ती बघून देणगी देई. पौलाची कृपा लायकी न बघता येते. म्हणजे ती आधी येते, आणि प्रतिसाद दिला नाही म्हणून ती कधी मिळालीच नव्हती असं होत नाही. हे ‘आधी’ महत्त्वाचं आहे. दबावाचा क्रम ‘दे, म्हणजे तू आमचा’ असा असतो. कृपेचा क्रम ‘तू आमचा आहेसच, आता तुला काय द्यावंसं वाटतं?’ असा असतो.

रमाबाई: घेणाऱ्याच्या बाजूनं

आतापर्यंत आपण देणाऱ्याबद्दल बोललो. घेणाऱ्याचं काय? यासाठी बेसिंगस्टोकहून गाडीनं साधारण तासाभरावर असलेल्या वाँटेज या गावी जाऊ. 1883 मध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमाला घेऊन तिथल्या सिस्टर्सच्या मठात आल्या. प्रवासाच्या खर्चाला त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा लावला होता, आणि वाँटेजला राहण्याच्या बदल्यात सिस्टर्सना मराठी शिकवायचं ठरलं होतं. म्हणजे पंचवीस वर्षांची ही विधवा पहिल्या दिवसापासून एक गोष्ट सांगत होती: मी आश्रित नाही. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढची दोन-तीन वर्षं सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील उपलब्ध आहे. तो वाचताना तुम्हाला तुमची स्वतःची एखादी परिस्थिती आठवेल. सिस्टर्स प्रेमळ होत्या, खर्च करत होत्या, आणि त्या बदल्यात रमाबाईंनी चर्चची शिकवण आहे तशी मान्य करावी अशी त्यांची अपेक्षा होती. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातले बिशप मत देत होते. रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं की इतक्या कष्टानं पुरोहितांच्या जोखडातून सुटल्यावर मी तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि सिस्टर्सशी नातंही तोडलं नाही. मदतीबरोबर आलेला ताबा तेवढा परत केला.

नंतर त्यांनी स्वतः निधी उभा केला, तोही मोठा. 1887 मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत द्यायचं वचन दिलं, आणि त्यावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. अट होती की सदनात धर्मप्रचार होणार नाही. मुली ख्रिस्ती होतील या भीतीनं 1893 मध्ये पुण्यात मोठं वादळ झालं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मदतीमागे काही हेतू दडलाय अशी नुसती शंका आली तरी घेणाऱ्यांचा विश्वास कसा उडतो, हे त्यात दिसतं. ती शंका खरी की खोटी, यावर तेव्हाही एकमत नव्हतं.

केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं तोपर्यंत रमाबाईंवर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या पुस्तकाचा प्रभाव पडला होता. म्युलर यांनी 1836 पासून अनाथालयं चालवली आणि कुणाकडेही थेट पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, असा नेम ठेवला. रमाबाईंनीही दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा संसार बराचसा याच भरवशावर चालवला. पण म्युलर दरवर्षी सविस्तर अहवाल छापत, आणि मुक्तीहूनही ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्रक निघे. काम काय चाललंय, खर्च कुठे होतो, हे जगाला कळत होतं. कृपेवर विसंबणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. गरज सांगायची, हिशेब द्यायचा, आणि हो-नाहीचा निर्णय समोरच्यावर सोडायचा.

टिळकांचं घर, आणि एक इशारा

कृपेच्या या बाजूला एक धोकाही आहे, आणि तो मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांइतका स्पष्ट कुणी दाखवला नसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक हातात येईल ते देऊन टाकणारे. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलं असेल तर या उदारपणाचा हिशेब घरात कुणाला जुळवावा लागत होता हेही तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात, म्हणून ते वाचवतं. पण एकाच्या मनमोकळ्या देण्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर न विचारता पडत असेल, तर त्या दुसऱ्या माणसासाठी ती सक्तीच असते. पौलाची ‘जे आहे त्यावरून मोजा’ ही ओळ इथेच कामाला येते.

मग आपण काय करायचं?

मी दोन-दोन वर्षांच्या करारांवर जगणारी पोस्टडॉक आहे, त्यामुळे ‘किती द्यावं’ यावर मी सल्ला देऊ शकत नाही. ‘कसं’ यावर मात्र तीन-चार गोष्टी सांगते.

तुम्ही देणारे असाल, तर मेसेज यायच्या आधीच ठरवा. महिन्याला किती आणि कुणाला, हे शांतपणे बसून ठरवलं आणि बँकेत स्टँडिंग ऑर्डर टाकली की प्रत्येक आवाहनापुढे अपराधी वाटत नाही. पौलाचं ‘आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढा’ म्हणजे हेच. ब्रिटनमध्ये कर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा. तुमच्या दहा पाउंडांवर नोंदणीकृत संस्थेला सरकारकडून आणखी अडीच पाउंड मिळतात. आई-वडिलांना पाठवायचे पैसे या हिशेबात आधी धरा. ते दान नाही असं कुणी म्हटलं तरी ते तुमच्या आहे-नाहीमध्ये मोजायलाच हवेत.

तुम्ही मागणारे असाल, आणि परदेशातल्या मराठी मंडळात आज ना उद्या ती पाळी येतेच, तर गरज आकड्यांसकट सांगा. ग्रुपवर नावांच्या याद्या टाकू नका. विद्यार्थ्याला आणि नुकती नोकरी गेलेल्याला ‘या वर्षी नाही’ म्हणायला आधीच जागा ठेवा. खर्चाचा हिशेब न मागता द्या. पौलानंही पैसे न्यायला एकटं न जाता, कुणी बोट दाखवू नये म्हणून, तीत आणि मंडळ्यांना मान्य असलेली आणखी माणसं बरोबर घेतली होती. असं केलंत तर पहिल्या वर्षी थोडे कमी पैसे जमतील. शिकागोचा प्रयोग तेच सांगतो. पण जे जमतील ते खुशीचे असतील, आणि माणसं दुसरं दार शोधणार नाहीत.

आणि दोन्ही बाजूंनी वापरायला एकच कसोटी पुरते: नाही म्हटल्यावरही या माणसाची आपल्यातली जागा तशीच राहते का? राहत असेल, तर त्याचं ‘हो’ खरं आहे. करिंथकरांनी पुढे काय केलं, असं विचाराल तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल सांगतो की मासेदोनिया आणि अखया या दोन्ही प्रांतांनी यरुशलेमसाठी वर्गणी दिली. अखया म्हणजे करिंथचाच प्रांत. किती दिली ते त्यानं लिहिलेलं नाही. त्यांनी ते आनंदानं केलं, एवढंच लिहिलं आहे.